बघूनबाईंचा होकार

त्या गल्लीत कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची अकरा दुकानं होती आणि अकराही दुकानांत एक नाव चालायचं, बघूनबाई. आईवडिलांनी ठेवलेलं नाव हे नव्हे, हे सांगायला नको. बाई मधल्या दुकानात काउंटरवर होत्या, सव्वीस वर्षं. गिऱ्हाईक यायचं, विचारायचं, "बाई, हा प्रोसेसर माझ्या बोर्डावर बसेल का?" आणि बाई म्हणायच्या, "बघून सांगते." घाईतल्या माणसाचं पित्त खवळायचं. पण बाई कसल्या बधतायत. बोर्ड इथे आणा म्हणायच्या, स्वतःच्या हातानं प्रोसेसर लावायच्या, पडद्यावर चित्र आलेलं डोळ्यांनी बघायच्या, अर्धा तास मशीन तापू द्यायच्या आणि मग म्हणायच्या, "बसेल." बाईंनी 'बसेल' म्हटलं की विषय संपला. बाकीच्या दहा दुकानांतले लोकही गिऱ्हाइकाला सांगायचे, जरा मधल्या दुकानात विचारून या.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा. मदरबोर्ड म्हणजे तो ज्या मोठ्या पाटीवर बसतो ती पाटी. कुठलाही प्रोसेसर कुठल्याही बोर्डावर बसत नाही. खाचा जुळाव्या लागतात, वीज जुळावी लागते, आणि एवढं जुळूनही बोर्डाला नव्या पाहुण्याची ओळख करून दिलेली नसेल तर मशीन ढिम्म हलत नाही. कशावर काय चालतं याच्या याद्या कंपन्या छापतात. बाईंचा त्या याद्यांवर काडीचा विश्वास नव्हता. "यादी करणाऱ्यानं बोर्ड हातात घेतलाय का?" असं त्या विचारायच्या. त्यांची स्वतःची जाडजूड वही होती आणि तिच्यात त्यांनी स्वतः लावून बघितलेल्या जोड्याच फक्त लिहिलेल्या होत्या.

बाईंचा नवरा बसच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक. तो येईल त्याला सांगायचा की मी लग्नाचं विचारलं तेव्हाही ही म्हणाली बघून सांगते, आणि आठ महिने बघत बसली. "आठ महिन्यांत माझं इंजिन दोनदा उघडून झालं असतं," असं म्हणून स्वतःच हसायचा. बाई हसायच्या नाहीत. पण मनातून त्यांना ते आवडायचं. आपल्या शब्दाला वजन आहे, कुणी उलटून विचारत नाही, हे कुणाला आवडत नाही? बाईंना तर फारच आवडायचं.

अशा बाईनं आयुष्यात एकदाच न बघता हो म्हटलं, आणि तेही कुणासाठी, तर सख्ख्या भावासाठी.

दादा बाईंपेक्षा सात वर्षांनी मोठा. त्याचा धंदा अगदी वेगळा. ज्यांचे पाय सारखे नसतात, एक आखूड, एक लांब, एक आत वळलेला, एखाद्याची टाच जमिनीला टेकतच नाही, अशा माणसांचे बूट तो बनवायचा. आधी त्या माणसाच्या पायाबरहुकूम लाकडाचा साचा कोरायचा आणि मग त्या साच्यावर चामडं चढवायचं. खरी मेहनत साच्याची. दादा समोरच्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन पाव पाव तास बसायचा. कागदाच्या पट्टीनं मापं घ्यायचा, अंगठ्यानं हाडं चाचपायचा, आणि माणसाला उगीचच काहीबाही विचारत राहायचा. कुठे राहता, जिना आहे का, कामावर उभं राहावं लागतं की बसून असता. "पाय कुठे जातो ते कळल्याशिवाय बूट कसा करणार?" असं त्याचं म्हणणं.

तीन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात कापायला लागला. पहिले काही महिने त्यानं दोष पटाशीला दिला, मग लाकडाला, मग चष्म्याला. वहिनींच्या ते आधीच लक्षात आलं होतं, कारण कप बशीवर वाजायचा. मग एका म्हाताऱ्या पोस्टमनचा साचा बिघडला, पाठोपाठ दुसरा बिघडला, आणि दादानं एक दिवस लाकडाच्या खोलीला कडी घातली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. हात थोडा निवला, पण पटाशी धरण्यापुरता काही निवला नाही. चाळीस वर्षं ज्या माणसाचे हात रिकामे राहिले नव्हते तो खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघायला लागला. घरातल्यांना ते बघवेना.

मोठ्या हॉस्पिटलच्या पायांच्या विभागात साचे कोरणारं मशीन आलं होतं. कॉम्प्युटरवर साचा घडवायचा, मशीन तसाच्या तसा कापून देतं. तिथल्या डॉक्टरीणबाई दादाला वीस वर्षं ओळखत होत्या. त्या म्हणाल्या, "मशीनला हात आहेत, पण पायाची समज नाही. तुमचा हात कापतो ना? कापू दे. समज तर शाबूत आहे." तिथल्या मुलीनं त्याला तो प्रोग्रॅम शिकवला. एकसष्टाव्या वर्षी दादा माउसनं साचा तासायला शिकला. पडद्यावर पाय फिरवायचा, इथून थोडं काढायचं, तिथे थोडं भरायचं. हात चुकला तर एक बटण दाबून मागे येता येतं, लाकडात ती सोय नव्हती. त्याला ते इतकं भावलं की तो परत घरात बडबड करायला लागला.

आता घोडं कुठे पेंड खात होतं ते सांगतो. दादाच्या घरचा कॉम्प्युटर बाईंनीच सहा वर्षांपूर्वी जोडून दिला होता. त्यात पडद्याचं चित्र काढायला एक वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं, साधंसं. हिशेब, पत्रं, गाणी यांना ते पुष्कळ झालं, पण पडद्यावरचा पाय फिरवायला घेतला की चित्र अडखळायचं. दुसऱ्या कुणाचं अडखळलं असतं तर त्यानं धीर धरला असता. दादाचं चित्र थबकायचं आणि हात मात्र थरथरत पुढे निघून जायचा, आणि चित्र जागेवर येईपर्यंत टाच कापली गेलेली असायची. चांगलं कार्ड घ्यावं तर त्याची किंमत दोन कॉम्प्युटरांएवढी. मात्र महिन्याभरात एक नवा प्रोसेसर येणार असल्याची गल्लीत चर्चा होती. त्याच्या पोटातच ग्राफिक्स होतं, आणि तेही दादाच्या कामाला पुरून उरेल असं. वेगळं कार्ड नको, आणि खाच जुनीच, म्हणजे जुन्या बोर्डांवर बसणार. निदान यादी तरी तसं म्हणत होती.

एका दुपारी दादाचा फोन आला. आवाज दबलेला. "हॉस्पिटलमधून फोन चालू आहे, दुसऱ्या फोनवर. सहा जणांचे साचे करून द्या म्हणतायत, पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत. आवडले तर कायमचं काम. नाहीतर ते बाहेरच्या एका कंपनीला देणार आहेत. आत्ताच्या मशीनवर मला जमायचं नाही. तुझा तो नवा प्रोसेसर माझ्या कॉम्प्युटरच्या डब्यात बसेल का? कार्ड काढून टाकलं तर चालेल ना? त्यांना आत्ता हो की नाही ते सांगायचंय."

बाईंच्या तोंडावर नेहमीचे दोन शब्द आले होते. पण पलीकडे दादा श्वास रोखून थांबला होता. बोर्ड त्यांनीच निवडलेला, त्यांनीच बसवलेला. खाच तीच, वीज पुरेशी, मेमरी चालण्यातली. तीन वर्षांत दादानं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. "बसेल," बाई म्हणाल्या. "कार्ड काढून टाकू. तू हो सांग त्यांना."

पलीकडे दादा क्षणभर काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला.

पुढची तयारी बाईंनी मन लावून केली, त्यात काही कसूर नाही. नवा प्रोसेसर यायच्या आधी, जुना अजून जागेवर असतानाच, बोर्डाला नव्याची ओळख करून द्यावी लागते. नंतर ती देता येत नाही, कारण अनोळखी प्रोसेसरवर बोर्ड सुरूच होत नाही. पुष्कळ शिकलेली माणसं इथे आपटतात. बाई एका रविवारी पेनड्राइव्ह घेऊन दादाकडे गेल्या. डबा टेबलाखाली, पाठ भिंतीला. त्यांनी पुढूनच पेनड्राइव्ह लावला, काम केलं, दोनदा तपासलं. वहिनींच्या हातचा चहा घेतला आणि परत आल्या.

सहा तारखेला दुकानात पहिला प्रोसेसर आला. बाईंनी तो आपल्या काउंटरखालच्या मशीनला लावून बघितला, अर्धा तास तापवला, वहीत लिहिला आणि गल्लीला सांगून टाकलं, जुन्या बोर्डांवर खुशाल घ्या. बाईंचा शब्द. चार दिवसांत त्या जातीचे सगळे बोर्ड गल्लीतून उचलले गेले. दादाचा प्रोसेसर दुसऱ्या खेपेत आला, अकराला. दादानं साठवलेलं बहुतेक सगळं त्यात गेलं होतं. बारा तारखेला सकाळी बाई तो घेऊन त्याच्याकडे गेल्या.

डबा उघडला. जुना प्रोसेसर काढला, नवा बसवला, इतका अलगद बसला की बाईंना बरं वाटलं. जुनं कार्ड उपसून टेबलावर ठेवलं. पंखा फिरला, दिवा लागला. दादा मागे उभा, वहिनी दारात. बाईंनी पडद्याची वायर हातात घेतली, डबा फिरवला आणि मागच्या बाजूला ती वायर लावायला भोक शोधू लागल्या.

भोक नव्हतं.

बाईंनी चष्मा पुसला. परत बघितलं. माउसचं होतं, कीबोर्डचं होतं, स्पीकरचं होतं, नेटचं होतं. पडद्याचं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी त्यांनी मुद्दाम असाच बोर्ड निवडला होता, कारण तेव्हाच्या प्रोसेसरच्या पोटात ग्राफिक्स नव्हतंच, चित्र कार्डातून येणार होतं. न वापरायच्या भोकाचे पैसे कशाला घालवायचे? आता ग्राफिक्स आत होतं, चांगलं दणदणीत होतं, आणि त्याला बाहेर यायला वाट नव्हती. खाच तपासली, वीज तपासली, ओळख करून दिली, शंभरातल्या दोघांनाही सुचणार नाही ते सगळं बाईंनी बघितलं. आणि शेंबड्या पोरालाही दिसेल ते बघितलं नाही.

"काय झालं?" दादानं विचारलं. बाईंनी सांगितलं. त्यांचे कान लाल झाले होते.

दादा खाली वाकून डब्याच्या पाठीकडे बघत राहिला. वहिनी दारातूनच म्हणाल्या, "गल्लीभर लोकांना बघून सांगता ना तुम्ही?" म्हणाल्या आणि लगेच आत गेल्या. बोलायला नको होतं हे त्यांना कळलं होतं. पण बोलल्या त्यात खोटं काय होतं?

बाईंनी कार्ड परत लावलं. चित्र आलं, आणि पाय पहिल्यासारखाच अडखळायला लागला, कारण चित्र त्या जुन्या कार्डातूनच येत होतं. मग बाईंनी एकेक करून दहाही दुकानांना फोन केले. मागे भोक असलेला, जुन्या खाचेचा, एक बोर्ड हवाय. दहाही ठिकाणी एकच उत्तर. "संपले की बाई. तुम्हीच सांगितलंत ना, घ्या म्हणून. पुढची खेप तीन आठवड्यांनी." शेवटच्यानं तर वर हसून विचारलं, "तुम्हालाच कसा नाही उरला?" बाईंनी फोन ठेवला. वीस तारखेला आठ दिवस होते.

घरी येऊन त्या जेवल्या नाहीत. नवऱ्यानं काय झालं ते काढून घेतलं. बाई रडल्या. चूक झाली म्हणून नव्हे, चुका सगळ्यांच्याच होतात. दादानं त्यांच्या भरवशावर हॉस्पिटलला शब्द दिला होता, आणि तो शब्द मोडला तर तो परत खिडकीपाशी जाऊन बसेल, आणि या वेळी तो उठणार नाही, म्हणून रडल्या. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझ्या काउंटरखालच्या मशीनवर तू तो प्रोसेसर लावून बघितलास ना? मग त्याला भोक असणारच."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. बाईंनी दहा दुकानं धुंडाळली आणि रोज गुडघा आपटतो ते मशीन आठवलं नाही.

दुकानाचा मालक कमी बोलणारा माणूस. बाईंनी सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही, भोकाचंही नाही. तो म्हणाला, "मशीन दुकानाबाहेर जाणार नाही. त्यात सगळ्या मालाचा हिशेब आहे." मग बराच वेळ छताकडे बघून म्हणाला, "माणूस आत आला तर माझी ना नाही. तोवर मालाचा हिशेब तुम्ही कागदावर लिहा."

बाईंनी दादाचा प्रोसेसर त्या मशीनला लावला, त्याचा प्रोग्रॅम चढवला, आणि तेरा तारखेपासून दादा दुकानात यायला लागला. काउंटरमागच्या उंच स्टुलावर, बाईंपासून दोन हातांवर, मांडीवर उशी आणि उशीवर उजवं कोपर. पडद्यावर एक पाय अलगद फिरतोय, कुठेही अडखळत नाहीये. पहिल्या दिवशी तो नुसता फिरवतच बसला. बाईंनी डोळे वटारले तेव्हा म्हणाला, "ओळख तर होऊ दे."

गिऱ्हाइकांची मात्र करमणूक. एकानं विचारलं, "आता चपला पण ठेवणार का बाई?" दुसरा पंधरा मिनिटं उभं राहून बघत होता, त्याला वाटलं नवा गेम आला. एक आजोबा आपला बोर्ड काउंटरवर विसरून दादाला स्वतःचा अंगठा दाखवायला लागले, आणि दादाही बूट काढा म्हणाला. बाईंनी दोघांना दटावलं. दादा हसला. दुकानात येऊन तिसऱ्या दिवशी तो पहिल्यांदा मोठ्यानं हसला.

पण बाईंना आणखी एक गोष्ट दिसत होती, आणि दोन हातांवरून ती न दिसणं शक्य नव्हतं. सकाळी नऊपासून दादाचा हात बरा असायचा. साडेदहाला डावा हात हळूच उजव्या मनगटावर यायचा. अकराला दोन्ही हात असूनही बाण पडद्यावर भिरभिरायला लागायचा. मग दादा "जरा पाय मोकळे करतो" म्हणून उठायचा, बाहेर जाऊन यायचा, परत बसायचा, आणि दुपारभर एकच रेघ काढायचा, पुसायचा, काढायचा. बाई बोलायच्या नाहीत. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहायच्या.

सतरा तारखेपर्यंत पाच साचे झाले. सहावा एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा होता. तिचा डावा पाय आत वळलेला, आणि त्याच पायानं ती शिलाई मशीन चालवायची. मापं सगळी होती, पण दादाचं समाधान होईना. शेवटी त्यानं हॉस्पिटलमधून नंबर घेऊन त्या बाईला फोन केला आणि विचारलं, मशीनच्या पायडलवर टाच आधी टेकता की चवडा? ती म्हणाली, आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं, थांबा, बसून सांगते. ती बसली, तिनं मशीन चालवलं, सांगितलं. दादानं त्या साच्याचा चवडा सगळा नव्यानं घडवला. त्यात त्याच्या दोन सकाळी गेल्या. वीस तारखेला दुपारी बारा वाजता सहाही साचे हॉस्पिटलला रवाना झाले.

चोवीस तारखेला, दुपारच्या निवांत वेळी, दादा दुकानात आला. हातात कागद होता. एका साच्यात बारीकशी दुरुस्ती सांगितली होती, बाकी सगळे पसंत. पुढच्या महिन्यापासून दर महिन्याला दहा. बाईंनी कागद दोनदा वाचला. त्यांना खूप आनंद झाला, पण जे बारा दिवस मनात होतं तेच आधी बाहेर आलं. "दादा, तेव्हा चूक माझी होती. मी न बघता हो म्हटलं. तुझं सगळं बुडालं असतं."

"तुझी एकटीची नव्हती," दादा म्हणाला. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मागे भोक नाही ते. धूळ पुसायला तो डबा मीच ओढतो ना. पडद्याची वायर मीच काढतो, मीच लावतो. कार्डाला लावतो, कारण दुसरीकडे लावायला जागाच नाही. तू फोनवर म्हणालीस कार्ड काढून टाकू, तेव्हाच माझ्या मनात आलं, मग वायर कुठे लावायची?"

बाईंनी कागद काउंटरवर ठेवला. "मग विचारलं का नाहीस?"

"तुला?" दादानं खांदे उडवले. "तू बसेल म्हणालीस. अख्खी गल्ली तुझ्या शब्दावर चालते. म्हटलं, असेल काहीतरी आपल्याला न कळणारं. मी बूट शिवणारा माणूस, तुला काय विचारणार?"

बाईंना आधी राग आला. एवढं साधं, एक वाक्य, विचारायला काय झालं होतं? आणि मग तो राग जागच्या जागी विरला. त्यांना एकेक चेहरा आठवायला लागला. या काउंटरपुढे उभी राहिलेली माणसं, काहीतरी विचारायला तोंड उघडलेली आणि मग "नाही, तुम्ही म्हणताय तर ठीकच असेल" म्हणून मिटलेली. अशी माणसं सव्वीस वर्षांत किती आली असतील? बाईंना तेव्हा बरं वाटायचं. आपल्याला कुणी उलटून विचारत नाही याचंच त्यांना बरं वाटायचं. त्याची आता त्यांना लाज वाटली.

"आणखी काय काय विचारलं नाहीस मला?" त्यांनी विचारलं.

बाहेर कुणीतरी हातगाडीवरून खोकी नेत होतं, ती जाईपर्यंत दादा बघत राहिला. मग त्यानं उजवा हात उचलून काउंटरच्या काचेवर ठेवला, डाव्या हाताचा आधार न देता. काचेवर बोटं बारीक वाजत राहिली.

"एक आहे," तो म्हणाला. "सात दिवस तू हा हात बघत होतीस. मला कळत होतं. डॉक्टर नीट सांगत नाहीत, हिला विचारवत नाही. तू सांग. किती चालेल?"

काही नाही रे, गोळ्या वेळेवर घे, असं म्हणणं किती सोपं होतं. बाईंच्या जिभेवर ते आलंही. पण त्यांनी बघितलं होतं. गोळ्या लागू पडल्यावर, दीड वर्षापूर्वी, तो दिवसभर कप नीट धरायचा. गेल्या वर्षी जेवणापर्यंत. आता अकरापर्यंत.

"दोन वर्षं," बाई म्हणाल्या. "तीही सकाळची. दुपार आत्ताच संपलीय, दादा." त्यांचे डोळे वाहायला लागले आणि त्यांनी ते वाहू दिले.

दादानं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, लपवलेली नव्हती, आणि तरी त्याचे खांदे सैल पडले होते.

"मीही तेवढीच धरली होती," तो म्हणाला. "तीन वर्षं हे एकटाच मनात धरून बसलो होतो. बरं झालं बोललीस." मग त्यानं हॉस्पिटलचा कागद घडी करून खिशात घातला. घडी नीट पडायला त्याला तीन वेळा प्रयत्न करावा लागला, आणि बाईंनी मदतीला हात पुढे केला नाही. "सकाळी काम करीन. दुपारी हॉस्पिटलच्या त्या मुलीला पाय शिकवीन. मशीन येतं तिला, पाय येत नाहीत. दोन वर्षांत येतील."

"येतील," बाई म्हणाल्या.

दादा दारापर्यंत गेला आणि वळला. "घरी हिला मी सांगतो," तो म्हणाला. "तू सांगू नकोस."